सुपरहिरो आरपीजी खेळायचंय, पण सिस्टीम कोणती घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सिस्टीम' म्हणजे नेमकं काय?

टेबलाभोवती बसून खेळायच्या आरपीजीत (रोल-प्लेइंग गेममध्ये) एक जण गोष्ट चालवतो, तो जीएम. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात. कोणत्या पात्राला काय येतं, किती येतं आणि फासा पडला की पुढे काय घडतं, हे ठरवणारे नियम म्हणजे सिस्टीम. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, ही त्यातली सगळ्यांत माहितीची. सुपरहिरोंसाठी वेगळ्या सिस्टीम १९७० च्या दशकाच्या शेवटापासून निघत आल्या आहेत आणि आज त्यांची संख्या इतकी आहे की नवा माणूस गोंधळणारच.

सगळे 'लवचिक सिस्टीम घ्या' म्हणतात. लवचिक म्हणजे काय?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते.

समजा, तुमच्यातल्या एकीला वेसाव्याची कोळीण खेळायची आहे. भरती-ओहोटी तिच्या हातात आहे. पहिला प्रश्न पात्र बनवतानाचा: लाटेचा तडाखा, पाण्याची भिंत, बुडणारी होडी वर उचलणं, हे सगळं नियमांत नेमकेपणाने उतरवता येतं का? दुसरा प्रश्न प्रत्यक्ष खेळतानाचा. गिरगावातल्या एका चाळीला आग लागली आहे, समुद्र गल्लीपर्यंत पोचत नाही, आणि ती एकदम म्हणते, "रस्त्याखालच्या पाइपांतलं पाणी मी वर ओढते." हे तिच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, कुठेच लिहिलेलं नाही. आता सिस्टीम काय म्हणते?

पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देणारी सिस्टीम दुसऱ्याला अडखळू शकते, आणि उलटही होतं. हिरो सिस्टीम या खेळात जवळपास कुठलीही शक्ती बनवता येते, पण ती आधी बनवून ठेवावी लागते. फेट या दुसऱ्या खेळात शक्तीचं मोजमाप जवळपास नसतंच, त्यामुळे ऐन वेळी सुचलेली युक्ती सहज सामावते. दोन्ही लवचिकच. तुमच्या मंडळींना यातलं काय जास्त लागतं, हे तुम्हालाच ठाऊक. शीट भरण्यात ज्यांची अख्खी संध्याकाळ आनंदात जाते ते पहिल्या जातीचे, आणि शीटकडे न बघता बोलत सुटतात ते दुसऱ्या.

आम्हाला डी अँड डी चांगलं येतं. तेच नियम वापरले तर?

एखाद्या संध्याकाळपुरतं चालेल. लांबच्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या गोष्टीसाठी, मात्र मी नको म्हणेन. डी अँड डीमध्ये पात्र लेव्हलगणिक वाढत जातं: सुरुवातीला दुबळं, शेवटी अफाट. सुपरहिरो पहिल्याच पानावर इमारत पेलतो आणि पन्नासाव्या अंकातही साधारण तेवढाच ताकदवान असतो. बदलतात ती त्याची नाती, त्याचे शत्रू, त्याची ओझी. शिवाय ज्याची सगळी शक्ती सोडवण्यात, अडवण्यात आणि वाचवण्यात आहे, त्याला क्लास (पात्राचा पेशा) आणि स्पेल (मंत्र) यांच्या यादीत जागा सापडत नाही. डी अँड डीच्या वीस बाजूंच्या फाशाचा हात बसलाच असेल तर पुढचं उत्तर वाचा.

एकच नाव सांगा. कुठून सुरुवात करू?

म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स, तिसरी आवृत्ती.

स्टीव्ह केन्सन यांनी लिहिलेला हा खेळ ग्रीन रोनिनने २००२ मध्ये पहिल्यांदा काढला. तिसरी आवृत्ती २०१० मध्ये डीसीच्या पात्रांसह आणि २०११ मध्ये स्वतःच्या नावाने आली. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारच्या लवचिकतेला तो बरं उत्तर देतो, म्हणून मी आधी त्याचं नाव घेतो.

पात्र बनवायला पॉवर पॉइंट मिळतात. नेहमीच्या सुपरहिरोची पॉवर लेव्हल १०, आणि त्यासाठी १५० पॉइंट. शक्तींची यादी 'आग', 'बर्फ', 'वीज' अशी नसून परिणामांची आहे: इजा करणं, वस्तू हलवणं, काहीतरी निर्माण करणं, समोरच्याला जखडणं. ते आगीने होतं की पाण्याने, हे तुम्ही ठरवायचं. आपल्या कोळिणीचा लाटेचा तडाखा म्हणजे लांबून होणारी इजा, १० रँकची (रँक म्हणजे शक्तीची पायरी). किंमत २० पॉइंट. पाण्याने वस्तू उचलणं १० रँक, तेही २०. पाण्याची भिंत, तीही २०. नाकातोंडात पाणी शिरून श्वास कोंडणं, तेही लांबून, २०. वेगवेगळं घेतलं तर ८० पॉइंट उडाले. पण हे सगळं एकाच पाण्याचं काम आहे आणि एका वेळी त्यातलं एकच करता येतं, असं मान्य केलं की पहिल्याचे २० आणि पुढच्या प्रत्येकाचा फक्त १. चार करामती २३ पॉइंटांत बसल्या. या पद्धतीला 'अॅरे' म्हणतात. ती समजली की निम्मा खेळ समजला.

आता गिरगावच्या पाइपांकडे येऊ. खेळाडू 'एक्स्ट्रा एफर्ट' घेते, म्हणजे अंगातली ताकद पणाला लावते, आणि शीटवर नसलेली करामत तेवढ्यापुरती मिळवते. त्या बदल्यात पात्र थकतं. थकवा नको असेल तर एक हिरो पॉइंट खर्च करायचा. आणि हिरो पॉइंट येतात कुठून? पात्राच्या अडचणींतून: आईचं आजारपण, उघड होऊ पाहणारं गुपित, समुद्रापासून लांब गेल्यावर येणारी घुसमट. जीएमने अशी अडचण मध्ये आणली की हिरो पॉइंट मिळतो. म्हणजे सत्रात आधी जिची कोंडी झाली, तीच शेवटी पाण्याचा लोट उसळवते. सुपरहिरोच्या गोष्टीची ही चढण नियमांतूनच आपोआप घडते, आणि मला हा खेळ सर्वाधिक आवडतो तो याच कारणासाठी.

उणी बाजूही आहे. पहिलं पात्र बनवायला दोन-तीन तास जातात. नियम नीट वाचून बसलेला एक तरी माणूस टेबलावर हवाच.

आमच्यात एकाला नागराज हवा आणि एकाला सुपर कमांडो ध्रुव. एकाच टीममध्ये कसे बसतील?

राज कॉमिक्स वाचत वाढलेल्या प्रत्येक टेबलावर हा प्रश्न येतो. १९८६ चा नागराज, ज्याच्या शरीरातच साप वस्तीला आहेत. आणि १९८७ चा ध्रुव, ज्याच्याकडे अलौकिक बळ नाही, तर सर्कशीत कमावलेलं शरीर, तल्लख डोकं आणि पशुपक्ष्यांशी बोलण्याची विद्या आहे. कॉमिक्समध्ये लेखक दोघांनाही सांभाळून घेतो. टेबलावर ते काम नियमांना करावं लागतं.

म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्सची युक्ती अशी: पॉवर लेव्हल १० असेल तर हल्ल्याचा नेम आणि हल्ल्याचा जोर मिळून २० च्या वर जायचं नाही. चुकवणं आणि सोसणं मिळूनही २० च्याच आत. मग नागराजला नेम ९ आणि जोर ११ द्या, चुकवणं ८ आणि सोसणं १२. ध्रुवला नेम १३ आणि जोर ७, चुकवणं १४ आणि सोसणं ६. दोघांच्याही बेरजा सारख्या, पण खेळताना फरक लगेच जाणवतो. एक जण घाव झेलत पुढे जातो आणि दुसऱ्याला घाव लागतच नाही. लागला तर मात्र जड जातं. इथे हिट पॉइंटही नसतात. प्रत्येक घावाला फासा टाकून तो सोसावा लागतो, आणि आधी लागलेला मार पुढचा फासा अवघड करत जातो.

फेटमध्ये हा पेच उभाच राहत नाही. 'शरीरात नागांचं राज्य' हा एक अॅस्पेक्ट, म्हणजे पात्राची ओळख सांगणारं वाक्य, 'सर्कशीत वाढलेला, हार न मानणारा' हा दुसरा. दोन्हींचा फेट पॉइंट खर्चून होणारा फायदा तोच: फाशावर २ ची भर किंवा फासे पुन्हा टाकणं. काहींना हे फार सपाट वाटतं. ट्रक उचलणारा आणि मोटारसायकल चालवणारा नियमांत सारखेच दिसावेत हे त्यांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं.

ताकदीची मोजपट्टी इतकी महत्त्वाची असते का?

हो, आणि नवे जीएम ती हमखास विसरतात. सुपरहिरोच्या जगात शाळकरी मुलगा आणि पर्वत उचलणारा देव एकाच टेबलावर येतात. १, २, ३ अशा समान पायऱ्यांची मोजपट्टी घेतली तर देवासाठी काही हजारांत जाणारा आकडा लागेल.

१९८५ मध्ये मेफेअरने काढलेल्या डीसी हिरोजमध्ये ग्रेग गॉर्डन यांनी यावर तोड काढली: प्रत्येक पायरीला दुप्पट. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्सची तिसरी आवृत्तीही असंच मोजते. तिथे ताकद ० म्हणजे साधारण २३ किलो, सिमेंटच्या अर्ध्या गोणीच्या आसपास. दहा पायऱ्या चढलात की १,०२४ पट, म्हणजे जवळपास २३ टन. आकडा १० आणि हातात भरलेला ट्रक. दुसरं टोक म्हणजे १९८६ पासून चालत आलेली गर्प्स ही सिस्टीम: तिथे उचलायचं वजन ताकदीच्या वर्गाने वाढतं. माणसांच्या पल्ल्यात हे फार सुंदर चालतं, पण पर्वतापर्यंत पोचायचं तर आकडे फुगतात. रस्त्यावरच्या, हाडामांसाच्या, एका गोळीने मरू शकणाऱ्या नायकांची गोष्ट असेल तर गर्प्स जरूर पाहा. आकाशात उडणाऱ्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

चँपियन्स किंवा हिरो सिस्टीम अजून शिकण्यासारखी आहे का?

आहे, पण माणूस तसा हवा. १९८१ मध्ये जॉर्ज मॅक्डॉनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी चँपियन्स काढला आणि पॉइंट मोजून शक्ती विकत घेण्याची रीत सुपरहिरो खेळांत रुजवली. त्याच्या नियमांतूनच पुढे हिरो सिस्टीम उभी राहिली.

तिची हिशेबाची रीत लोभसवाणी आहे. दहा फाशांचा हल्ला ५० पॉइंटांचा. आता म्हणा, की ही शक्ती कोळिणीच्या हातातल्या शंखात आहे, तो शंख सगळ्यांना दिसतो आणि कुणीही हिसकावू शकतं. या मर्यादेची किंमत एक, म्हणून ५० ला १ अधिक १ ने भागायचं: २५ पॉइंट. म्हणजे जी उणीव तुम्ही पात्राला देता ती त्याच पात्राला स्वस्तात मोठं करते, आणि खलनायकाने शंख पळवला की त्या सवलतीची किंमत मोजावीही लागते.

लढाईत मात्र १२ सेकंदांची फेरी १२ तुकड्यांत मोडलेली असते आणि प्रत्येकाच्या वेगाप्रमाणे त्याची पाळी ठरावीक तुकड्यांत येते. वेगवान पात्र खरोखर वेगवान वाटतं. सहा खेळाडूंची एक झुंज मात्र सगळी संध्याकाळ खाऊ शकते. सहावी आवृत्ती दोन जाडजूड खंडांची आहे. तिकडे थेट न जाता २०१२ चं चँपियन्स कम्प्लीट हे एकखंडी पुस्तक घ्या.

आकडेमोड अजिबात नको. मग?

मग तीन नावं. फेट (फेट कोअर २०१३ चं) सगळ्यांत मोकळं. त्यातलं फेट अॅक्सिलरेटेड हे छोटं रूप तर अर्ध्या तासात शिकवून होतं. आयकॉन्स हाही स्टीव्ह केन्सन यांचाच, २०१० चा. त्यात १ ते १० ची मोजपट्टी असते आणि फासे टाकून यदृच्छेने पात्र तयार होतं; काय खेळावं हेच सुचत नसलेल्या मंडळींना तो वरदान आहे. तिसरा मास्क्स, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

मास्क्समध्ये असं काय वेगळं आहे?

ब्रेंडन कॉनवे यांचा, मॅग्पाय गेम्सचा २०१६ चा हा खेळ किशोरवयीन सुपरहिरोंचा आहे, आणि किती टन उचलता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पात्राच्या शीटवर पाच लेबलं असतात: तू विचित्र आहेस, धोकादायक आहेस, तारणहार आहेस, श्रेष्ठ आहेस, साधासुधा आहेस. प्रत्येकापुढे -२ ते +३ मधला आकडा. दोन फासे टाकायचे आणि लागू पडणाऱ्या लेबलाचा आकडा त्यांच्या बेरजेत मिळवायचा. १० किंवा जास्त आलं तर काम फत्ते, ७ ते ९ आलं तर झालं पण काहीतरी गमावून, ६ किंवा कमी आलं तर जीएमची पाळी.

खरी मेख अशी, की ही लेबलं हलतात. ज्याच्या शब्दाला तुमच्या मनात वजन आहे तो तुम्हाला 'तू कोण आहेस' हे सांगतो, तेव्हा एक लेबल वर जातं, एक खाली येतं. आणि मोठ्या माणसांच्या शब्दाला असं वजन सुरुवातीपासूनच असतं. हा नियम आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. "आपल्या घरात असले उद्योग कुणी केले नाहीत" हे आजोबांचं वाक्य टेबलावर उच्चारलं गेलं आणि सोळा वर्षांच्या नायिकेचं 'धोकादायक' वर सरकून 'साधासुधा' खाली आलं, तेव्हा आमच्या टेबलावर क्षणभर कुणी बोललं नव्हतं. मार लागण्याऐवजी इथे राग, भीती, अपराधीपणा, निराशा आणि असुरक्षितता अशा पाच अवस्थांवर खुणा होतात.

पाइपांतल्या पाण्याचं इथे काय होतं? 'शक्ती मोकळी सोडणं' ही एक चाल आहे, तिच्यासाठी फासे टाकून 'विचित्र' लेबलाचा आकडा त्यांत मिळवायचा. ७ ते ९ आलं तर एखादी अवस्था ओढवून घ्या किंवा परिणाम डळमळीत होईल हे स्वीकारा. एवढंच. शक्तीच्या बाबतीत पूर्ण लवचिक, पण गोष्टीच्या बाबतीत नाही: हा खेळ वाढत्या वयाचीच गोष्ट सांगतो. अनुभवी, पन्नाशीतले नायक हवे असतील तर तो घेऊ नका.

मार्वलचा अधिकृत खेळ घेतला तर सोपं नाही का पडणार?

ओळखीच्या पात्रांसह चटकन खेळायचं असेल तर पडेल. सध्याचा मार्वल मल्टिव्हर्स २०२३ मध्ये आला. त्यात तीन सहाबाजूंचे फासे टाकतात, पैकी एक खास. शक्ती तयार संचांमधून निवडायच्या असतात, त्यामुळे आपल्या कोळिणीला जवळचा संच शोधून त्यात बसवावं लागतं. स्वतःचे नायक घडवण्यासाठी मी याची शिफारस करणार नाही.

अधिकृत खेळांची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: परवाना संपला की खेळ बंद पडतो. २०१२ चा मार्वल हिरोइक फार कल्पक होता, पण पुढच्याच वर्षी परवाना गेला आणि त्याची नवी पुस्तकं थांबली.

आमचा नायक राज कॉमिक्सच्या डोगासारखा आहे, गुन्हेगारांना ठार मारतो. सिस्टीमला चालेल?

सिस्टीमनुसार उत्तर बदलतं, म्हणून हे पहिल्या सत्राआधी बोलून घ्या. १९८४ चा टीएसआर या कंपनीचा मार्वल सुपर हिरोज या बाबतीत सगळ्यांत कडक: नायकाने जीव घेतला की त्याचा साठवलेला सगळा कर्मा जातो. (होय, त्या खेळातल्या गुणांचं नावच कर्मा आहे.) मुंबईच्या रस्त्यांवर बंदूक घेऊन फिरणारा डोगा तिथे एका रात्रीत कंगाल होईल. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये असा दंड नाही. तिथे 'हा मारतो' हीच त्याची अडचण म्हणून लिहा. पोलीस मागे लागले, ध्रुवसारखा सोबती समोर उभा राहिला, की हिरो पॉइंट मिळतील. टीममधल्या बाकीच्यांना हे नको असेल तर मात्र कुठलीही सिस्टीम तुमचं भांडण मिटवणार नाही.

फासे आणि पुस्तकं यांवर किती खर्च येईल?

सुरुवातीला जवळपास शून्य. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग आणि फेटचे नियम खुल्या परवान्याखाली जालावर वाचता येतात. छापील पुस्तक परदेशातून मागवण्याचा खर्च बराच होतो, म्हणून आधी पीडीएफ घ्या आणि खेळ रुजला तरच पुस्तक. मास्क्स, आयकॉन्स, चँपियन्स यांना ल्युडोच्या डब्यातले फासे पुरतात. फेटला चार खास फासे लागतात, पण साध्या फाशावर १-२ म्हणजे वजा, ३-४ कोरं, ५-६ म्हणजे अधिक असं धरलं की काम भागतं. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्ससाठी वीस बाजूंचा फासा तेवढा विकत घ्या किंवा फोनवर टाका.

मराठीत खेळता येतं का?

का नाही? आम्ही आकड्यांची नावं इंग्रजीच ठेवतो आणि बाकी शीट मराठीत लिहितो. फेट आणि मास्क्स मराठीत विशेष खुलतात, कारण तिथे वाक्यंच नियमांचं काम करतात. 'बापाची होडी बुडाली त्या दिवसापासून समुद्राशी अबोला' असा अॅस्पेक्ट इंग्रजीतून मराठीत आणावा लागत नाही, तो मराठीतच सुचतो.

घेण्याआधी पारखायची कशी?

एक संध्याकाळ काढा. दोन पात्रं बनवा, एक अफाट आणि एक साधं. मग दोन प्रसंग खेळा: एक झुंज आणि एक बचाव, म्हणजे आग, पूर किंवा कोसळता पूल. बचावाचा प्रसंग वगळू नका. बहुतेक सिस्टीम झुंजीत बऱ्या दिसतात, बचावात उघड्या पडतात. पुस्तक किती वेळा उघडावं लागलं ते मोजा. आणि एखादा खेळाडू "मला हे करता येईल का?" असं विचारण्याऐवजी "मी हे करतो" म्हणू लागला का, ते बघा.

कॅम्पेन अर्ध्यावर असताना सिस्टीम बदलावी का?

बदला, पण दोन कथानकांच्या मधल्या सुट्टीत. आकडे एकास एक उतरवत बसू नका, ते जुळत नाहीत. प्रत्येकाने आपल्या पात्राबद्दल तीन वाक्यं लिहावीत: काय जमतं, काय जमत नाही, काय जिवावर येतं. त्या वाक्यांवरून नवी शीट कोऱ्या कागदावर बनवा. आमची कोळीण हिरो सिस्टीममधून म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये अशीच आली. तिचा शंख तिकडे मर्यादा होता आणि स्वस्तात पडला होता. इकडे तो काढता येण्याजोगं साधन म्हणून लिहिला, त्याचीही सूट मिळाली. आणि पुढच्याच सत्रात खलनायकाने तो पळवला.